ऑइल बदललं तरी गाडी पुन्हा हिसका देते: ८-स्पीड ऑटोमॅटिक गिअरबॉक्सची पातळी नीट कशी लावायची

तक्रार जवळजवळ एकाच साच्यातली असते. लाखभर किलोमीटर झालेली बीएमडब्ल्यू एक्स-५ किंवा एक्स-३. सिग्नलला थांबताना, दुसऱ्या गिअरवरून पहिल्यावर येताना मागून कोणीतरी ढकलल्यासारखा हिसका बसतो. सकाळी रिव्हर्स टाकला की गाडी क्षणभर हलतच नाही आणि मग धाडकन पकड घेते. मालक गिअरबॉक्सचं ऑइल बदलतो, स्वतः किंवा गॅरेजमध्ये. दोन-तीन आठवडे गाडी झकास चालते आणि मग हिसका परत येतो. कोणीतरी सांगतं, ऑइल डुप्लिकेट असणार, दुसऱ्या ठिकाणाहून घ्या. पुन्हा खर्च, पुन्हा तेच. त्यापुढच्या फेरीला मेकॅट्रॉनिक (गिअर बदलणारं इलेक्ट्रॉनिक-हायड्रॉलिक युनिट) बदलायचा अंदाजखर्च हातात पडतो आणि तो आकडा बघून माणूस गाडी विकायचा विचार करायला लागतो.

अशा बऱ्याच गाड्यांमध्ये दोष ना तेलाच्या कंपनीचा असतो, ना मेकॅट्रॉनिकचा. पातळी चुकीच्या तापमानाला पाहिलेली असते, किंवा इंजिन बंद करून पाहिलेली असते. त्यामुळे मोठ्या खर्चाला होकार देण्याआधी पातळी एकदा शास्त्रशुद्ध लावून घ्यावी, असं माझं ठाम मत आहे. ती कशी लावायची, आणि एवढं करूनही हिसका राहिला तर पुढे कुठे बघायचं, ते इथे लिहितो.

मी धरून चाललोय ती गाडी म्हणजे एफ-१५ पिढीची एक्स-५, डिझेल, एक्सड्राइव्ह (म्हणजे चारही चाकं ओढणारी). तिच्यात जर्मनीच्या झेडएफ कंपनीचा ८एचपी गिअरबॉक्स आहे. हाच गिअरबॉक्स थोड्याफार फरकाने डिस्कव्हरी, रेंज रोव्हर स्पोर्ट, जॅग्वार एफ-पेस आणि दुसऱ्या पिढीच्या ऑडी क्यू-७ मध्येही आहे, त्यामुळे तत्त्व तिथेही तेच. आकडे मात्र आपापल्या गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमधून घ्यायचे. मर्सिडीजचे ७जी आणि ९जी हे त्यांचे स्वतःचे गिअरबॉक्स आहेत, व्होल्वो एक्ससी-९० मध्ये आयसिनचा आहे, आणि पहिल्या पिढीच्या क्यू-७ मधला आठ गिअरवालासुद्धा आयसिनचाच. त्यांचं तेल वेगळं, पातळी बघायची रीत वेगळी. ‘आठ गिअर आहेत ना, मग तेच तेल चालेल’ असं कोणी म्हणालं तर त्याच्या हातात गाडी देऊ नका.

आधी खात्री करा की दुखणं गिअरबॉक्सचंच आहे

एक्सड्राइव्ह गाड्यांमध्ये गिअरबॉक्सच्या मागे ट्रान्सफर केस असते. पुढच्या चाकांना किती जोर द्यायचा ते तिच्यातला क्लच ठरवतो. तिला स्वतःचं वेगळं तेल असतं, एक लिटरही लागत नाही, आणि ते बदलायचं असतं हे बहुतेकांना माहीतच नसतं. ते तेल जुनं झालं, किंवा चार टायरांची झीज सारखी नसली, की ३० ते ६० च्या वेगात हलक्या ॲक्सिलरेटरवर गाडी थरथरते. वळणावर हळू जोर दिला तर जास्तच. पंक्चरमुळे एकच टायर नवा टाकलेला असेल तर संशय आधी तिथे घ्या. नवा आणि अर्धा झिजलेला टायर यांच्या घेरात फरक असतो, त्यामुळे पुढचा आणि मागचा ॲक्सल वेगवेगळ्या गतीने फिरतात आणि तो फरक त्या क्लचला सतत सोसावा लागतो. मालकाला ही थरथर गिअरबॉक्सची वाटते, तो गिअरबॉक्सचं तेल बदलतो, आणि थरथर तिथेच राहते. राहणारच.

ओळखायची साधी खूण अशी. थरथर गिअर बदलण्याच्या क्षणाशी जोडलेली नाही, मॅन्युअल मोडमध्ये एकच गिअर धरून ठेवला तरी येते, आणि वळणावर वाढते: ट्रान्सफर केस आणि टायर बघा. हिसका बरोबर गिअर बदलतानाच बसतो, विशेषतः थांबता थांबता: गिअरबॉक्स बघा. सरळ रस्त्यावर, वरच्या गिअरमध्ये, इंजिनचे फेरे १२००-१५०० च्या आसपास असताना चाकाखाली बारीक खडबडीत पट्टे असल्यासारखी थरथर येते: टॉर्क कन्व्हर्टर (इंजिनचा जोर तेलामार्फत गिअरबॉक्सला देणारा भाग) आणि त्यातल्या, दोन्ही बाजू थेट जोडणाऱ्या लॉक-अप क्लचचा संशय घ्या. त्याच्याबद्दल पुढे.

इंजिन माउंटिंगसुद्धा एकदा बघून घ्या. बसलेलं माउंटिंग डी किंवा आर टाकताना असा दणका देतं की चांगला मिस्त्रीही फसतो.

पातळीला एवढं महत्त्व का

या गिअरबॉक्सला डिपस्टिक नाही. बाजूला एक फिलर प्लग आहे, आणि त्याचं भोक ज्या उंचीवर आहे ती उंची म्हणजेच पातळी. तेल भोकातून बाहेर यायला लागलं की भरलं. ऐकायला सोपं आहे, पण ते ‘भरलं’ फक्त दोन अटी पाळल्या तरच खरं ठरतं. इंजिन चालू हवं, आणि तेलाचं तापमान ३० ते ५० अंशांच्या मध्ये हवं. उत्तम म्हणजे ४०.

इंजिन चालू का? कारण चालू असताना पंप तेल ओढून टॉर्क कन्व्हर्टरमध्ये, तेल गार करणाऱ्या कूलरमध्ये, क्लचकडे तेल वळवणाऱ्या व्हॉल्व्ह बॉडीच्या नळ्यांमध्ये भरून ठेवतो. इंजिन बंद केलं की त्यातलं बरंच तेल खाली चेंबरमध्ये (गिअरबॉक्सच्या तळाच्या तेलाच्या भांड्यात) उतरतं आणि पातळी फुगते. बंद इंजिनवर भोकातून तेल आलं म्हणून प्लग लावला, तर चालू गाडीत तेल चांगलंच कमी पडतं. सगळ्यात जास्त गाड्या इथेच बिघडवल्या जातात.

तापमान का? गरम तेल फुगतं. या गिअरबॉक्समध्ये एकूण साडेआठ लिटरच्या आसपास तेल असतं, आणि दर १० अंशांमागे ते साधारण ६० ते ७० मिलिलिटर फुगतं. म्हणजे ४० ऐवजी ७० अंशांना पातळी पाहिली तर दोनशे मिलिलिटरच्या आसपास तेल भोकातून उगाच बाहेर जातं आणि गाडी तेवढी उपाशी राहते. गॅरेजमध्ये हेच घडतं. गिऱ्हाईक भर ट्रॅफिकमधून गाडी चालवत आणतं, तेल ८०-९० अंशांना पोचलेलं असतं, गाडी लगेच रॅम्पवर चढते आणि तासाभरात हातात परत येते. नवं तेल थंड असलं तरी कन्व्हर्टरमध्ये उरलेलं जुनं तेल आणि गिअरबॉक्सचं तापलेलं धातूचं अंग मिळून त्याला बघता बघता ५० च्या वर नेतात. स्कॅनर लावून तापमान बघायचे कष्ट कोणी घेतलेले नसतात.

तेल कमी असलं की पंप अधूनमधून हवा ओढतो. हवा मिसळलेलं तेल दाबलं जातं, त्यामुळे क्लचवर येणारा दाब डळमळतो. जास्त भरलं तरी गत तीच: फिरणारे भाग तेलात बुडतात, ते घुसळलं जातं, फेस होतो, आणि पंपाला पुन्हा हवा मिळते. म्हणून ‘थोडं जास्त राहू द्या, नुकसान नाही’ हा सल्ला या गिअरबॉक्सला लागू नाही.

मग पहिले काही आठवडे गाडी चांगली का चालते? नव्या तेलाचे घर्षणाचे गुण ताजे असतात, क्लच मऊ बसतात, त्यामुळे कमतरता झाकली जाते. पण गिअरबॉक्सचा कंट्रोल युनिट प्रत्येक क्लच किती वेळात, किती दाबाला पकडतो हे सतत शिकत असतो. हवा मिसळलेल्या तेलावर तो चुकीचं शिकत जातो, आणि हळूहळू हिसका परत येतो.

बदलायचं कधी, आणि काय आणायचं

बीएमडब्ल्यूच्या सर्व्हिस वेळापत्रकात हे तेल बदलायचा टप्पा नाही. गिअरबॉक्स बनवणारी झेडएफ मात्र ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटर, किंवा आठ वर्षं, यातलं जे आधी येईल तेव्हा बदलायला सांगते, आणि गरम हवा व कष्टाचं चालवणं असेल तर आणखी लवकर. मी झेडएफचं ऐकतो. पुण्यातल्या हिंजवडी फाट्यावर किंवा मुंबईच्या पश्चिम द्रुतगती मार्गावर रोज दीड-दोन तास पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये सरकणारी गाडी कष्टातच चालते. तिच्यासाठी ८० हजार हा आकडा धरा. गाडी वॉरंटीत किंवा कंपनीच्या पॅकेजमध्ये असेल तर मात्र हात लावू नका, तिथूनच करून घ्या.

तेल झेडएफ लाइफगार्ड फ्लुइड ८, किंवा बीएमडब्ल्यूच्या डब्यातलं एटीएफ ३+. नवं तेल हिरवट दिसतं. सात लिटर आणा. चेंबर प्लॅस्टिकचा असतो आणि फिल्टर त्यातच बसवलेला असतो, त्यामुळे फिल्टर बदलायचा म्हणजे अख्खा चेंबर बदलायचा. झेडएफच्या किटमध्ये चेंबर, पॅकिंग आणि बोल्ट मिळतात. किट मागवण्याआधी गिअरबॉक्सच्या अंगावरची पट्टी वाचा. ८एचपी४५, ८एचपी७० असं काहीतरी लिहिलेलं असतं. यातला शेवटचा आकडा साधारण किती जोर पेलतो ते सांगतो, ४५ म्हणजे ४५० न्यूटन-मीटर, ७० म्हणजे ७००. मॉडेलच्या नावावरून किट मागवलं की चेंबर हमखास चुकीचा येतो, कारण एकाच एक्स-५ मध्ये वर्षाप्रमाणे आणि इंजिनाप्रमाणे गिअरबॉक्स बदललेला असू शकतो.

जुना चेंबर धुऊन परत लावायची काटकसर करू नका. प्लॅस्टिक वर्षानुवर्षं तापून किंचित वाकलेलं असतं. त्याला नवं पॅकिंग लावलं तरी कोपऱ्यातून पाझरतं, आणि थेंब थेंब पाझरण हे पातळी पुन्हा उतरायचं दुसरं मोठं कारण आहे.

याशिवाय टॉर्क पाना, टॉर्क्स बिट, ॲलन की, हातपंप आणि त्याला पारदर्शक नळी, खुणा असलेली रिकामी कॅन. आणि सगळ्यात महत्त्वाचं, गिअरबॉक्सच्या तेलाचं तापमान दाखवणारा स्कॅनर किंवा ओबीडी (गाडीच्या तपासणी सॉकेटला लागणाऱ्या) ॲडॅप्टरवर चालणारं ॲप. इंजिनच्या कूलंटचं तापमान नव्हे, गिअरबॉक्सच्या तेलाचंच. चेंबरवर इन्फ्रारेड थर्मामीटर रोखून काम भागवणारे लोक मी पाहिलेत. प्लॅस्टिकचा चेंबर उष्णता धरून ठेवतो आणि बाहेरून खरा आकडा दाखवत नाही. तापमान वाचायची सोय नसेल तर हे काम सुरूच करू नका.

काम

गाडी चारही बाजूंनी उचलून अगदी समतल हवी. स्पिरिट लेव्हल लावून बघा, अंदाजावर नको. नुसता पुढून जॅक लावून नाक वर केलं तर पातळी चुकणारच, आणि तशा गाडीखाली जाणं जिवावर बेतू शकतं. जॅकवर उभ्या गाडीखाली कधीच जायचं नाही. चार भक्कम स्टँड, मॅन्युअलमध्ये दाखवलेल्या जागी. मागे एअर सस्पेन्शन असेल तर गाडी उचलण्याआधी ते मॅन्युअलप्रमाणे बंद करा. ओळखीच्या गॅरेजमधला रॅम्प अर्ध्या दिवसासाठी मिळाला तर सगळ्यात उत्तम. पैसे देऊन घ्यावा लागला तरी घ्या, मला तो खर्च योग्य वाटतो.

गाडी रात्रभर उभी ठेवून सकाळी काम सुरू करा. महाराष्ट्रात याला वेगळंच महत्त्व आहे. मे महिन्यात नागपूर-अकोल्याकडे दुपारी पत्र्याच्या शेडमध्ये उभ्या गाडीचं तेल सुरुवातीलाच ४० ला टेकलेलं असतं. इंजिन चालू केलं की ५० गाठायला फार वेळ लागत नाही, आणि पातळी लावायला मिळते जेमतेम काही मिनिटांची सवड. तिकडे हे काम पहाटे करा किंवा पावसाळा लागेपर्यंत थांबा. उलट नाशिकला जानेवारीत तेल १२-१४ अंशांवरून निघतं, ३० गाठेपर्यंत चांगला वेळ मिळतो, मात्र तेवढं थांबायचा धीर हवा. २२ अंशांना पातळी लावून मोकळं झालं तर तेल जास्त भरलं जातं.

खालचं प्लॅस्टिकचं आवरण काढा. आता पहिला पाना फिलर प्लगला. ड्रेन उघडण्याआधी फिलर प्लग सैल होतोय याची खात्री करायची. आधी सगळं तेल काढून टाकलं आणि मग फिलर प्लग अडकला, डोकं गोल झालं, तर ती गाडी जागेवरून हलवता येत नाही; टोइंगशिवाय गत्यंतर नाही. शेजारून एक्झॉस्टचा पाइप जातो, गाडी गार असेल तर हात भाजत नाही, हा सकाळी काम करण्याचा आणखी एक फायदा.

ड्रेन प्लग काढून तेल कॅनमध्ये उतरवा. धार थांबल्यावर चेंबरचे बोल्ट सैल करा, एका कोपऱ्यातले शेवटी ठेवून, म्हणजे उरलेलं तेल एका बाजूने ओघळेल. चेंबरमध्ये तरीही बरंच तेल राहतं, तो आडवा धरूनच खाली घ्या. काही गाड्यांमध्ये मागचे बोल्ट क्रॉसमेंबरच्या (गिअरबॉक्सखालच्या आडव्या आधाराच्या) आड येतात. तो काढायचाच असेल तर आधी गिअरबॉक्सला खालून, लाकडाचा ठोकळा मध्ये घालून, जॅकचा आधार द्या. मात्र तो आधार चेंबरवर द्यायचा नाही.

निघालेलं सगळं तेल मोजा आणि आकडा लिहून ठेवा. साधारण पाच ते सहा लिटर निघतं, बाकीचं कन्व्हर्टरमध्ये आणि कूलरमध्ये राहतं. चार-साडेचारच निघालं तर आधीपासून तेल कमी होतं हे तिथेच कळतं, आणि तुमच्या हिसक्याचं उत्तर बहुधा त्या कॅनमध्येच आहे.

चेंबरच्या तळाला चुंबकं असतात. त्यांच्यावर राखाडी, मऊ चिखल असणारच, तो क्लच आणि गिअरची नेहमीची झीज आहे. बोटांमध्ये चोळल्यावर खसखशीत लागणारे कण, चकाकणारे तुकडे किंवा पत्र्याचे कपचे दिसले तर तेल बदलून काही साधणार नाही, गिअरबॉक्स उघडावा लागेल. तेल काळपट असणं ही घाबरायची गोष्ट नाही. जळका, उग्र वास मात्र वाईट. आणि तेल दुधाळ दिसलं तर थांबा. कूलरमधून कूलंट मिसळतंय किंवा पुराच्या पाण्यातून गाडी गेल्यावर पाणी आत शिरलंय. मुंबई, कोल्हापूर, सांगली, चिपळूण इथल्या सेकंड हँड गाड्यांमध्ये हे मुद्दाम बघा. पाण्याने क्लचचं अस्तर सुटायला लागतं. कारण सापडेपर्यंत नवं तेल ओतणं व्यर्थ.

वरची बैठक लिंट न सोडणाऱ्या कापडाने पुसा. नवा चेंबर लावा, आधी सगळे बोल्ट हाताने, मग मधून बाहेर आडवेतिडवे आवळत जा. किटमधल्या पत्रकात दिलेला टॉर्क पाळा. चेंबरच्या बोल्टांना तो १० न्यूटन-मीटरच्या आसपास असतो, म्हणजे फारच कमी. ‘अजून थोडं’ म्हणत आवळलं की प्लॅस्टिक वाकतं आणि गळती विकत घेतल्यासारखं होतं.

आता भरणं. इंजिन बंद ठेवून फिलरमधून तेल पंप करा, बाहेर ओघळेपर्यंत. ओघळलं की आत बसलेल्या मदतनिसाला इंजिन चालू करायला सांगा. गिअर पी मध्ये, पाय ब्रेकवर, ॲक्सिलरेटरला हात-पाय काहीही लावायचं नाही. लगेच पुन्हा पंप करत राहा, कारण कन्व्हर्टर तेल ओढून घेतो. पुन्हा ओघळायला लागलं की प्लग हाताने टेकवा. मग मदतनिसाने ब्रेक घट्ट दाबून पी, आर, एन, डी अशा प्रत्येक जागी काही सेकंद थांबत दोन-तीनदा फिरवायचं. चाकं हवेत आहेत आणि ही चारचाकी ओढणारी गाडी आहे; ब्रेकवरचा पाय सुटला तर चारही चाकं फिरतील, आणि तेव्हा गाडीखाली कोणीही असता कामा नये. पुन्हा पी.

इथून नजर स्कॅनरवर. ३० अंश दिसले की प्लग उघडा. काहीच येत नसेल तर पंप करा. येतंय तोवर येऊ द्या. ४० च्या आसपास, जाड धार थांबून बारीक, सलग ओघळ राहिला की हीच पातळी. इंजिन चालू असतानाच प्लग लावा आणि टॉर्क पान्याने आवळा. त्यानंतरच इंजिन बंद. मध्येच ५० ओलांडलं गेलं तर घाई करून काहीतरी जुळवू नका. प्लग लावा, इंजिन बंद करा, गाडी काही तास गार होऊ द्या आणि फक्त पातळीचा भाग पुन्हा करा.

आत गेलेलं तेल आणि बाहेर निघालेलं तेल यांची तुलना करा. गाडीत आधी पातळी बरोबर असेल तर दोन्ही आकडे जवळपास जुळतात. अर्धा-पाऊण लिटर जास्त गेलं तर आधी गाडी तेवढ्याने कमी होती असं समजा.

ॲडाप्टेशन

तेल बदलल्यावर कंट्रोल युनिटने जुन्या तेलावर शिकलेली मूल्यं, म्हणजेच ॲडाप्टेशन, पुसावी लागतात. हे बीएमडब्ल्यूसाठीच्या स्कॅनरवर होतं, साध्या ओबीडी वाचकावर नाही. पुसल्यानंतर पहिले शंभरेक किलोमीटर गाडी थोडी रांगडी वाटेल, हे अपेक्षित आहे. तेल चालवण्याच्या तापमानाला आल्यावर, मोकळ्या सपाट रस्त्यावर, हलक्या पायाने सगळे गिअर वर चढू द्या, मग ॲक्सिलरेटर सोडून गाडी आपली आपण मंदावत सगळे गिअर उतरू द्या. असं वारंवार करा. द्रुतगती मार्गावर एकाच वेगात दोनशे किलोमीटर गेलात तर युनिटला शिकायला काहीच मिळत नाही. आणि पातळी चुकीची असताना ॲडाप्टेशन पुसणं म्हणजे चुकीचंच पुन्हा शिकवणं, म्हणून क्रम उलटा करू नका.

एवढं करूनही हिसका आला तर

केव्हा येतो ते वहीत लिहा. दुरुस्तीचा अर्धा भाग तिथेच होतो.

घाट चढताना, कसारा किंवा खंबाटकीच्या तीव्र वळणावर इंजिनचे फेरे क्षणभर उगाच वर जातात आणि मग गिअर पकडतो: तेल अजून कमी आहे. चढावर तेल मागे सरकतं, फिल्टरचं तोंड उघडं पडतं. पातळी पुन्हा लावा, आणि त्याआधी गळती शोधा. चेंबरची कडा, ड्रेन प्लग, कूलरच्या नळ्यांचे जोड, आणि गिअरबॉक्सच्या बाजूला जिथे वायरिंगचा मोठा कनेक्टर घुसतो ती जागा. त्या कनेक्टरच्या प्लॅस्टिक बाहीवर रबरी रिंगा असतात, त्या कडक झाल्या की तिथून तेल पाझरतं आणि चेंबरवरून ओघळतं. लोक चेंबर बदलत राहतात आणि गळती वरून येत राहते. भाग छोटा आणि स्वस्त आहे. चेंबर बदलताना संशय आला तर तोही बदलून टाका.

फक्त सकाळी, रात्रभर उभी राहिल्यावर पहिल्यांदा डी किंवा आर टाकताना उशीर, नंतर दिवसभर ठीक: कन्व्हर्टरमधून तेल रात्रीत खाली उतरतंय. क्षणभराचा उशीर सोसण्यासारखा आहे. वाढत गेला तर तज्ज्ञाला दाखवा. तोवर इंजिन चालू करून थोडा वेळ पी मध्ये थांबा आणि मग गिअर टाका.

गाडी पूर्ण तापल्यावरच, तासभर ट्रॅफिकमध्ये सरकल्यावर हिसके: स्कॅनरवर तेलाचं तापमान कुठवर जातं ते बघा. कूलर चोंदलाय का, त्याच्यापुढे माती-किडे साचलेत का. तापमान ठीक असून हिसके तसेच, आणि स्कॅनरमध्ये एखाद्या क्लचचं ॲडाप्टेशन मूल्य मर्यादेला टेकलेलं दिसलं, तर तो क्लच झिजलाय किंवा व्हॉल्व्ह बॉडीत त्याच्या वाटेवर दोष आहे. मेकॅट्रॉनिकचं नाव आता काढायला हरकत नाही, त्याआधी नाही.

लॉक-अपची ती बारीक थरथर नव्या तेलाने गेली आणि काही हजार किलोमीटरनंतर परत आली, तर कन्व्हर्टरमधलं अस्तर संपत आलंय. वरून टाकायच्या ‘शडर फिक्स’च्या बाटल्या मी सुचवणार नाही. त्या थोडे दिवस थरथर दाबतात, आणि त्यामुळे बाकीच्या क्लचना लागणारं घर्षण बदलतं. कन्व्हर्टर काढून त्याची दुरुस्ती करणारी चांगली दुकानं आता मोठ्या शहरांत आहेत. तेव्हा दुखणं कन्व्हर्टरचंच आहे याचा पुरावा म्हणून स्कॅनरवरचा स्लिपचा (क्लच किती घसरतो त्याचा) आलेख मागून घ्या.

तेल महिन्याभरातच पुन्हा काळपट दिसलं म्हणून घाबरून फोन करणारे बरेच असतात. साडेआठपैकी साडेपाच लिटर बदललं म्हणजे एक तृतीयांशाहून थोडं जास्त जुनं तेल आतच राहिलं, आणि ते नव्यात मिसळलं. रंग बदलणारच. गाडी फार दुर्लक्षित असेल तर काही हजार किलोमीटरनंतर नुसता ड्रेन प्लग उघडून निघेल तेवढं तेल पुन्हा बदलता येतं, चेंबर न काढता. दुसऱ्या वेळी निघतं पहिल्यापेक्षा कमी, कारण फिल्टर आणि चेंबरच्या कडेला थोडं राहतं. तरीही जुन्या तेलाचा वाटा बराच खाली येतो. पातळी मात्र त्या वेळीही याच पद्धतीने, स्कॅनर लावून. यंत्राने दाब देऊन केलेलं फ्लशिंग मला लाखाच्या पुढे गेलेल्या गाडीत नको वाटतं, आणि त्यात साफसफाईचं रसायन घालणारा असेल तर अजिबातच नको.

आणि ते काढलेलं तेल. वापरलेलं तेल कायद्याने घातक कचऱ्यात मोडतं. गटारात, मातीत किंवा शेताच्या बांधावर ओतू नका. नव्या तेलाच्याच डब्यांत भरून, झाकण घट्ट लावून, अधिकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्याला तेल देणाऱ्या गॅरेजकडे नेऊन द्या. बहुतेक मोठी गॅरेज ते साठवून विकतातच, त्यामुळे घ्यायला नाही म्हणत नाहीत. फक्त त्यात कूलंट किंवा ब्रेक ऑइल मिसळू देऊ नका. मिसळलेलं तेल कोणी घेत नाही.